नॉर्मनं खाणं सोडलं तेव्हा

कूबर पीडीत, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या खाणीच्या गावात, कुणी सरडा बाहेरून आणून पाळतो, हे मला आधी पटलंच नव्हतं. आमच्या गावाबाहेर कुंपणाच्या खांबाखांबावर दाढीवाले सरडे ऊन खात बसलेले असतात. शेजारून गाडी गेली तरी मान वळवत नाहीत. पण माझ्या जावयानं, ब्रोडीनं, नोव्हेंबरात ॲडलेडहून येताना एक पिल्लू काचेच्या पेटीत घालून आणलं. नऊ महिन्यांच्या मुलीसाठी. त्या मुलीला अजून धड उभंही राहता येत नव्हतं.

"मार्नीला सोबत होईल," तो म्हणाला.

"ती त्याला तोंडात घालेल," मी म्हणालो.

"घालू दे," माझी बायको ग्लेनिस म्हणाली. "तू लहानपणी काय काय तोंडात घातलंयस ते तुझ्या आईनं मला लग्नाच्या दिवशीच सांगितलंय."

दोन दिवसांनी ब्रोडी खाणीवर गेला. त्याचं काम तसंच आहे, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. त्यांचं स्वतःचं घर अजून मिळायचं होतं, म्हणून तमारा, माझी मुलगी, लेकीला आणि त्या सरड्याला घेऊन आमच्याकडेच राहत होती. ती गावच्या इस्पितळात नर्स आहे. ग्लेनिस मोटेलच्या स्वयंपाकघरात सकाळी सातला जाते. राहिलो मी, आंते. सदतीस वर्षं ओपलचे रंगीत रत्नखडे खणून माझे गुडघे कामातून गेलेले. म्हणून दिवसभर घरात मी, मार्नी आणि तो सरडा, ज्याचं नाव ब्रोडीनं नॉर्म ठेवलं होतं.

आमचं घर टेकडीच्या पोटात खणलेलं आहे. चार खोल्या, मागे कोठीची खोली, आणि सगळ्यांना जोडणारा एक बोळ. बाहेर पंचेचाळीस अंश असलं तरी आत चोवीसच्या वर पारा जात नाही. खिडक्या नाहीत. प्रत्येक खोलीच्या छतातून एक झरोका वर टेकडीवर निघतो, तेवढीच हवा. माणसाला याहून बरं घर नाही. सरड्याचं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नॉर्म खायचाच नाही. रोज सकाळी मी चिमट्यात रातकिडा धरून त्याच्यापुढे नाचवायचो. तो एक डोळा मिटायचा आणि तोंड फिरवायचा. पिवळ्या अळ्या दिल्या तर एखादी खायचा, दुसरी नको. पालेभाजीकडे बघायचाही नाही. तळहातावर मावेल एवढा जीव, स्वयंपाकघरातल्या काट्यावर बावीस ग्रॅम भरायचा. चौथ्या दिवशी एकवीस भरला. त्याच्या कंबरेची हाडं वर आलेली दिसली आणि मला खरंच धास्ती वाटायला लागली. तमारा कामावरून आली की आधी मुलीला उचलायची आणि मग विचारायची, "नॉर्मनं खाल्लं?" दोन्ही जीव तिनं माझ्या भरवशावर सोडले होते. मी नाही म्हणायचो.

रेलीन आमच्या टाकीत पाणी भरायला येते. गावाचा पाण्याचा ट्रक तीच चालवते, आणि कुणाच्या घरात साप निघाला तर बोलावणंही तिलाच जातं. तिचा बाप माझ्याबरोबर खाणीत होता. मी तिला आत नेलं. तिनं पेटीत हात घातला, दगडावर तळवा टेकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आंते, हा सरडा आहे की दुधाची पिशवी? इतक्या थंडाव्यात का ठेवलायस?"

"दिवा आहे की वर."

"हा दिवा पुस्तक वाचायचा. याला बसायच्या दगडावर चाळीस-बेचाळीस लागतं. सरड्याच्या पोटात आग नसते, ती वरून द्यावी लागते. ऊब नाही मिळाली तर खाल्लेलं पोटात तसंच पडून कुजतं, म्हणून तो खातच नाही. तो नखरेल नाही, तुझ्याहून शहाणा आहे." मग तिनं रातकिड्यांचा डबा उघडला आणि हसली. "आणि हे काय? तुझ्या ताटात उभा बैल आणून ठेवला तर तू जेवशील? याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढी जागा आहे, तेवढाच किडा द्यायचा. त्याहून मोठा नाही."

ती दुसऱ्या दिवशी एक मोठा दिवा आणि उन्हासारखा उजेड देणारी नवी ट्यूब घेऊन आली. जुनी ट्यूब दिसायला पेटलेली होती, पण तिच्यातला दम केव्हाच संपला होता. उन्हाशिवाय हाडं मऊ पडतात, जबडा मऊ पडला की चावता येत नाही, असं रेलीन म्हणाली. मी रोज सकाळी आठला, ऊन कोवळं असताना, एका हातावर मार्नी आणि दुसऱ्या हातावर नॉर्म घेऊन दहा मिनिटं दारात बसायला लागलो. किड्यांना कॅल्शियमची पूड लावायची. पाला बारीक चिरून ताटलीत पसरायचा आणि त्यावर छोटे रातकिडे सोडायचे. किडा पकडायला झेपावला की पाल्याचा तुकडाही तोंडात जातो. चार-पाच दिवस चुकून खाल्ला, मग सवयीनं खायला लागला. किसलेला भोपळा तर मागून खायचा.

डिसेंबर संपता संपता नॉर्म चौतीस ग्रॅमचा झाला. मला इतका आनंद झाला की ग्लेनिस म्हणाली, "तमाराचं वजन वाढायचं तेव्हा तू इतका नाचला नव्हतास."

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे कडक उन्हाळा, ॲडलेडहून बसनं येणारे रातकिडे उन्हानं अर्धे मेलेले असायचे. म्हणून मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच कोठीच्या खोलीत दोन मोठे डबे ठेवले आणि स्वतःच पैदास सुरू केली. खाली गव्हाचा कोंडा, वर अंड्यांचे पुठ्ठे, गाजराचे तुकडे. दिवसरात्र किर्र आवाज. आणि वास. रातकिड्यांचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

"एक तर ते जातील नाहीतर मी," ग्लेनिस म्हणाली.

कोठीच्या झरोक्याला आतून तारेची जाळी होती. तिच्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसून हवा अडली होती. मी शिडीवर चढलो, चार स्क्रू काढले आणि जाळी धुवायला खाली आणली. धुतली, वाळत ठेवली. वास दोन दिवसांत कमी झाला. जाळी मी परत लावली नाही. लावू, लावू म्हणत राहिलो. गुडघे दुखतात, शिडी जड आहे, अशी कारणं माणसाला सुचतात.

कोंड्यापायी उंदीर आले. रात्री कोठीत खुडबूड ऐकू यायची. मी सापळे लावले, दोन मेले, बाकीचे शहाणे निघाले.

दोन जानेवारीला सकाळी नॉर्मनं किड्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं, असेल एखादा दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच. तो दगडावर बसत नव्हता. पेटीच्या पुढच्या काचेशी एका कोपऱ्यात अंग चपटं करून पडलेला, आणि गळ्याखालची दाढी काळी झालेली. कोळशासारखी काळी. सरडा घाबरला किंवा चिडला की त्याची दाढी काळी पडते हे मला ठाऊक होतं, पण ती थोड्या वेळानं उतरते. याची दिवसभर उतरली नाही. मी दिव्याखालचं तापमान मोजलं, बेचाळीस. ट्यूब नवी. किडे बारीक. सगळं जिथल्या तिथे, आणि तो खात नव्हता.

पोट अडलं असेल म्हणून कोमट पाण्यात बसवला. पोटावरून बोट फिरवलं, भोपळ्याचा रस नाकपुडीशी लावला. त्यानं तो चाटलाही नाही. पोर्ट ऑगस्टाच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. साडेपाचशे किलोमीटरवरून त्या तरी काय बघणार. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, तो कशानं तरी घाबरलाय का ते बघा, पेटीत आरसा पडतोय का, बाहेर मांजर-कुत्रं आहे का. आमच्याकडे मांजर नाही, कुत्रं नाही. काचेत प्रतिबिंब पडत असेल म्हणून मी मागच्या बाजूला कागद चिकटवला. काही फरक नाही. एकतीस ग्रॅम. तीस.

"वय झालं की माणूस जावयाच्या सरड्यासाठीही रडतो," ग्लेनिसनं माझ्याकडे बघून म्हटलं, पण तिनं त्या रात्री माझ्या ताटात वाढताना खांद्यावर हात ठेवला.

ती पेटी मार्नीच्या खोलीत होती. एका भिंतीला पेटीचं टेबल, समोरच्या भिंतीला तिचा उंच कठड्याचा पाळणा, आणि पाळण्याला लागून कपड्यांचं लाकडी कपाट. तमारा त्याच खोलीत पलंगावर झोपायची. मार्नीला झोपताना त्या दिव्याचा पिवळा उजेड आवडायचा.

आता मागे वळून बघितलं की मला माझाच राग येतो. जमिनीखाली आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. जो आवाज रोज येतो तो आज का आला नाही, हे त्याला आधी कळतं. खाणीत त्यावर जीव वाचतात. आणि इथे माझ्या स्वतःच्या घरात सहा दिवस उंदरांची खुडबूड थांबलेली होती, आणि मी काय केलं असेल, तर खूष झालो. सापळे उचलून ठेवले.

नऊ तारखेला सकाळी नॉर्म एकोणतीस भरला. साडेअकराला मार्नी झोपली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रेलीनला फोन लावला. ती कुठेतरी ट्रकमध्ये होती, मागे इंजिनचा आवाज येत होता.

"रेलीन, हा मरणार गं माझ्या हातात."

"पाणी पितो?"

"थोडं."

"तोंड उघडून बघितलंस? आत पिवळं वगैरे?"

"नाही. साफ आहे. नुसता पडून असतो. दाढी काळी. आणि बघत बसतो."

"कुठे बघतो?"

मी विचार केला. हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. "पुढच्या काचेतून. खाली, समोर. कपाटाच्या बाजूला."

"रोज तिकडेच?"

"रोज तिकडेच."

इंजिनचा आवाज बंद झाला. तिनं ट्रक थांबवला होता. "आंते, घरात उंदीर आहेत?"

"होते. गेले आता."

 ती अगदी हळू म्हणाली, "मार्नी कुठाय?"

 मी बोळाच्या तोंडाकडे बघितलं. "आत. झोपलीय."

"फोन कानाला ठेव आणि चालत जा. पळायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. दारात थांबून आधी खाली बघ. मी निघाले. पंचवीस मिनिटं लागतील."

बोळात अकरा पावलं आहेत. मी ती घर खणताना मोजली होती. त्या दिवशी ती संपेनात. दारात पोचलो. आत फक्त नॉर्मच्या दिव्याचा उजेड होता. मार्नी पाठीवर झोपली होती, दोन्ही हात डोक्याच्या वर. नॉर्म कोपऱ्यात होता तसाच होता. मी दाराची चौकट धरून कसेबसे गुडघे टेकले आणि त्याच्या नजरेच्या उंचीवर डोकं नेलं. तो जिकडे बघत होता तिकडे बघितलं.

कपाटाखाली चार बोटांची फट आहे. फटीत अंधार होता. अंधारात एक जाड वळसा होता, वाळलेल्या गवताच्या रंगाचा, आणि तो श्वास घेत होता.

"आहे," मी फोनमध्ये म्हणालो.

"रंग?"

"तपकिरी."

तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. तपकिरी साप किती विषारी हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. "पाळण्यापासून किती लांब?"

"लागून आहे. पाळण्याचा पाय आणि तो, हातभर."

"पाळण्यावर चढणार नाही तो. तो झोपलाय, ती झोपलीय, तू दारात उभा राहा. दिसतोय तोवर बरं आहे. नजर हलवू नकोस."

मी उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. घामानं फोन हातातून सटकत होता. मला एवढंच कळत होतं की ही मुलगी माझ्या भरवशावर आहे आणि तिच्या आईनं सकाळी जाताना तिच्या कपाळाचा मुका घेऊन मला सांगितलं होतं, दुपारी तिला दही दे.

मग मार्नी उठली.

ती रडत नाही उठल्यावर. आधी बडबडते. कठडा धरून उभी राहिली, त्याच आठवड्यात शिकली होती, आणि मला बघून हसली. तिच्या हातात ग्लेनिसचा लाकडी चमचा होता, तो घेऊनच ती झोपायची. तिनं तो कठड्याबाहेर धरला.

"नको, मार्नी," मी म्हणालो.

तिनं सोडला. दगडी जमिनीवर त्याचा केवढा आवाज झाला.

वळसा सुटला. फटीतून डोकं बाहेर आलं, मग मान, मग अंग येतच राहिलं. माझ्या आणि पाळण्याच्या मधोमध तो थांबला आणि मान जमिनीपासून वीतभर वर उचलली. मार्नी वाकून खाली बघत होती. तिला ते आवडलं होतं. ती हात पुढे करून काहीतरी सांगत होती.

माझे पाय हलले नाहीत. मी हे कुणाला सांगत नाही, पण इथे सांगतो. मला पुढे जायचं होतं आणि मी जाऊ शकलो नाही.

कानात रेलीनचा आवाज येत होता. "बाहेर आला ना? त्याला वाट दे, आंते. त्याला तू नकोयस, त्याला वाट हवीय."

"वाट माझ्या पायात आहे," मी म्हणालो. मी दारात उभा होतो, आणि त्या खोलीला दुसरं दार नाही.

"मग दार सोड. आत शिर, भिंतीला पाठ लावून, बाजूला सरक. हळू."

म्हणजे त्याच्या खोलीत शिरायचं. मी पाठ भिंतीला टेकवली आणि एक पाय सरकवला. मग दुसरा. तो माझ्याकडे तोंड करून होता. मी नॉर्मच्या टेबलापर्यंत पोचलो आणि दार मोकळं झालं. तरी तो हलला नाही. मार्नी टाळ्या वाजवायला लागली. मग एकदम त्यानं मान खाली टाकली आणि वाहत्या पाण्यासारखा चमच्याला वळसा घालून दाराबाहेर गेला.

मी धावलो. दार लावलं, मार्नीला उचललं. तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

"बाहेर पड घरातून," रेलीन म्हणाली.

"तो बोळात आहे. डावीकडे गेला की उजवीकडे, मी नाही बघितलं."

डावीकडे कोठी, उजवीकडे बाहेरचं दार. बोळातला दिवा मी येताना लावलाच नव्हता.

"मग तिथेच थांब. दाराखाली काहीतरी कोंब."

दाराखाली दोन बोटांची फट होती. पलंगावरची चादर, पाळण्यातली गोधडी, तमाराचा गाऊन, जे हाताला लागलं ते मी पायानं त्या फटीत सारलं. मग मार्नीला घेऊन पलंगाच्या मधोमध बसलो. त्याच वेळी फोनची बॅटरी संपली.

खोलीत आवाज नव्हता. मार्नी माझ्या शर्टाचं बटण चोखत होती. मी दाराकडे बघत होतो आणि सारखं वाटत होतं की कापड हललं. डोळे फसवतात. शेवटी मी दाराकडे बघणं सोडलं आणि नॉर्मकडे बघायला लागलो. त्यानं आठ दिवसांत पहिल्यांदा जागा बदलली होती. तो काचेच्या दुसऱ्या टोकाला आला होता आणि त्याचा एक डोळा दाराच्या खालच्या कडेवर खिळला होता. दाढी काळीकुट्ट. तो हलला नाही तोवर मीही हललो नाही. त्यानं मान जराशी डावीकडे वळवली तेव्हा मी मार्नीला आणखी जवळ ओढलं, कारण मला बाहेर काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं मान सरळ केली आणि डोळा मिटला. तेव्हा मला पहिला पुरता श्वास घेता आला.

रेलीननं बाहेरून हाक मारली. मार्नीनं तिला उत्तर दिलं.

तिनं आम्हाला आधी बाहेर काढलं, तिच्या ट्रकमध्ये बसवलं, थंड हवा चालू करून दिली आणि साप धरायची आकडी आणि पिशवी घेऊन आत गेली. चाळीस मिनिटं ती आत होती. मी घड्याळ बघत होतो आणि माझं डोकं एकच गोष्ट घोकत होतं, तिला काही झालं तर तेही माझ्यामुळे. ती आली तेव्हा पिशवी तिनं अंगापासून लांब धरली होती.

"कोठीत, कोंड्याच्या पोत्यामागे. दीड मीटरच्या वर आहे. पोट बघ कसं फुगलंय, तुझे सगळे उंदीर यानंच खाल्ले." पिशवी ट्रकच्या पेटीत ठेवून तिनं कडी लावली आणि हात पुसले. "झरोक्याला जाळी नाही."

"मी काढली."

"मला वाटलंच." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी काही बघितलं नाही, आंते. साप दारातूनही येतात. तुला जे सांगायचं ते सांग."

ती गेल्यावर मी शिडी आणली. गुडघे दुखत होते की नाही ते आठवत नाही. जाळी लावली, चार स्क्रू घट्ट केले आणि रातकिड्यांचे दोन्ही डबे बाहेर छपरीत नेऊन ठेवले.

तमारा साडेतीनला आली. रेलीननं गावात कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला काही माहीत नव्हतं. ग्लेनिस आधीच आली होती, तिला मी सांगितलं होतं, आणि ती मार्नीला मांडीवर घेऊन बसली होती. 

मी तमाराला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता मार्नीचे कपडे काढायला लागली. एकेक पाय, एकेक बोट, कोपरं, कानामागे, सगळं तपासलं. तिचे हात अगदी स्थिर होते. मग तिनं मुलीला पुन्हा कपडे घातले.

"आत आला कुठून?"

ग्लेनिसनं माझ्याकडे बघितलं. वासाची तक्रार तिची होती आणि ती बोलायला तोंड उघडणार होती. मी तिच्या आधी बोललो. "कोठीच्या झरोक्यातून. जाळी मी काढली होती. तीन आठवडे लावली नाही."

"तीन आठवडे."

"हो."

तमारानं मार्नीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे चार वर्षांचा मुलगा आला होता, बाबा. साप चावलेला. मोठ्या इस्पितळात न्यायला विमान येईपर्यंत मी त्याचा हात धरून होते. तो वाचला. पण मी महिनाभर नीट झोपले नाही." तिनं मार्नीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तू मुद्दाम केलं नाहीस, मला कळतं. पण मी आज इथे झोपू शकत नाही."

ती मार्नीला घेऊन तिच्या मैत्रिणीकडे गेली, वरच्या रस्त्यावरच्या विटांच्या घरात. मी सामान गाडीत ठेवायला मदत केली. नॉर्मची पेटी मात्र तिथेच राहू दे, असं ती म्हणाली.

नॉर्मनं त्यानंतरही खाल्लं नाही. मला वाटलं होतं साप गेला की तो जेवेल, पण रेलीन म्हणाली, तुला तरी घास उतरतोय का? खरं होतं. तिनं सांगितल्याप्रमाणे मी पेटी स्वयंपाकघरात आणली, तिन्ही बाजूंनी कापड लावलं, त्याला हातात घेणं बंद केलं, वजन करणंही बंद केलं. सकाळी ताटलीत पाला आणि दोन बारीक किडे ठेवायचे आणि निघून जायचं. सहा दिवस ताटली तशीच राहिली. मी रोज रात्री झोपण्याआधी तो श्वास घेतोय का ते बघायचो, आणि मग टॉर्च घेऊन सगळ्या खोल्यांत ओणवा होऊन पलंगाखाली, कपाटाखाली बघायचो. ग्लेनिस पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा टॉर्च आणला.

सातव्या दिवशी दुपारी जेवताना मला मागे कुरकुर आवाज आला. मी वळलो नाही. ग्लेनिस समोर बसली होती, तिला दिसत होतं.

"एक गेला," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळानं, "दुसरा पण." मग आम्ही दोघं चमचा न हलवता बसून राहिलो आणि तो भोपळा खाईपर्यंत आमचं जेवण थंड होऊ दिलं.

फेब्रुवारीत ब्रोडी-तमाराला घर मिळालं, जमिनीवरचं, खिडक्यांचं. ब्रोडीनं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं. नॉर्म आमच्याकडेच राहिला. आता तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा झालाय आणि काहीही खातो. तमारा मार्नीला घेऊन रविवारी यायची, पण तिला सोडून जायची नाही, स्वतः थांबायची. मुलगी रांगत एखाद्या कोपऱ्यात गेली की तिचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. माझंही.

मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, एका मंगळवारी सकाळी ती दारात आली. तिची कामाची पाळी बदलली होती आणि मार्नीला सांभाळणारी मैत्रीण बाहेरगावी गेली होती. तिनं मार्नीला माझ्याकडे दिलं, पिशवी खुर्चीवर ठेवली.

"चारपर्यंत येते," ती म्हणाली. "दही पिशवीत आहे."

"तमारा," मी म्हणालो, "तुला नक्की..."

"नाही, बाबा. नक्की नाही." ती दोन पावलं गेली, थांबली, मागे बघितलं नाही, आणि गाडीत बसली.

मी दार लावलं. बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीपासून ओढून काढलं, मधे सतरंजी टाकली आणि मार्नीला घेऊन तिच्यावर बसलो. तिनं माझी बोटं धरून उभं राहायचं, पडायचं, पुन्हा उभं राहायचं, असं चाललं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर गाडी थांबल्याचं ऐकू आलं तेव्हा माझे दोन्ही गुडघे आखडून गेले होते आणि मला उठता येत नव्हतं.